काचेला डॉट्स

ठप्प!

गुरुबसप्पा कोनापुऱ्यांचा कडक भाकरीचा घास तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. त्यांनी बायकोकडं पाहिलं नाही. काशम्मानंही त्यांच्याकडं पाहिलं नाही. शेंगाचटणीवर दही घालायला उचललेला चमचा तिनं वाडग्यात परत ठेवला, पदर खोचला आणि अंगणात गेली.

चार दिवसांतलं हे तिसरं पाखरू. सोमवारी बुलबुल, आज सकाळी एक होला, आणि आता दुपारी त्याचाच जोडीदार असावा असा दुसरा. खिडकीखाली पडला होता, मान मोडून. आणि काचेवर त्याचा ठसा उठला होता. पसरलेले दोन्ही पंख, पिसन् पीस, जसं कुणी पिठानं काढून ठेवावं.

"साकु," काशम्मा म्हणाली.

आता हे 'साकु' प्रकरण नीट समजून घ्यायला पाहिजे. साकु म्हणजे पुरे. काशम्मा मराठीत बोलत असते तोवर कोनापुऱ्यांच्या घरात चर्चा चालू असते, अपील करता येतं, तारीखही पुढची मिळते. ती कानडीत शिरली की निकाल लागला असं समजायचं. एकतीस वर्षांच्या संसारात गुरुबसप्पांनी कानडी निकालाविरुद्ध एकदाही अपील जिंकलेलं नव्हतं.

"तिप्पण्णा गवंड्याला फोन करा. सोमवारी विटा घेऊन ये म्हणावं. खिडकी बुजवून टाकायची."

"अगं, पण तूच तर..."

"मीच मागितली, मीच बुजवते. माझ्या हौसेपायी मुकी पाखरं मराय लागलीत. मला नाही बसवत तिथं."

आणि खिडकीजवळची आपली वेताची खुर्ची उचलून ती स्वयंपाकघरात घेऊन गेली. गुरुबसप्पांच्या काळजात जे चर्र झालं ते खुर्ची उचलताना झालं.

कारण ही खिडकी काही साधी खिडकी नव्हती. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत काशम्मानं एकतीस वर्षं काढली. तिथं खिडकी होती, नाही असं नाही. पण ती उघडली की समोर दीड हातावर शेजाऱ्याची भिंत. भर दुपारी बल्ब लावून ती तांदूळ निवडायची. तोंडातून कधी शब्द काढला नाही. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या पलीकडं प्लॉट घेतला, घराचा नकाशा पसरला, तेव्हा गुरुबसप्पांनी मोठ्या मनानं विचारलं, "तुला काय पाहिजे ते सांग." ती म्हणाली, "खिडकी मोठी ठेवा. एवढंच." मग गुरुबसप्पांनी सहा फूट रुंद, चार फूट उंच, एका सलग काचेची खिडकी पूर्वेला बसवली. बाहेर मोकळा प्लॉट, त्यात एक कडुलिंब. काशम्मा सकाळी तिथं बसायची ती नुसती बसायचीच. काही निवडायची नाही, काही विणायची नाही. बायको नुसती बसलेली आहे हे दृश्य गुरुबसप्पांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि ते त्यांना लई आवडलं होतं.

तर सोमवारपर्यंत चार दिवस. ते चार दिवस त्या माणसाच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

पहिली मदत शेजारून आली. न बोलावता आली, हे सांगायला नको. जोतीराम गव्हाणे मूळचे बार्शीचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. जगातल्या सगळ्या प्रश्नांचं मूळ 'लोक पुढं सरकत नाहीत' यात आहे असं त्यांचं मत. त्यांनी काचेची पाहणी केली, ठशाकडं बघून 'च् च्' केलं आणि म्हणाले, "आवो अण्णा, पाखराला वाटतंय, म्होरं रस्ता मोकळा हाय. काचंत लिंब दिसतोय की. तुमी आडवं कायतरी लावा. पडदा लावा, पडदा."

समोरच्या रंभाबाईंचं निदान वेगळं होतं. "पूर्वेला येवढी काच? अण्णा, ही पाखरं न्हाईत, ही लक्ष्मी हाय. आत येती, तिला काच दिसत न्हाई, आपटती आन् परत जाती. काळी बाहुली टांगा." परत गेलेली लक्ष्मी अशी मान मोडून का पडते, हे त्यांनी सांगितलं नाही. बाहुली मात्र स्वतःच आणून टांगली. शुक्रवारी सकाळी त्या बाहुलीच्या डोक्यावर एक चिमणी बसलेली दिसली.

मग पडदा. पण पडदे शिवायला टाकायचे म्हणजे सोमवार उजाडणार. गुरुबसप्पांनी कपाटातल्या नव्या कोऱ्या दोन सोलापुरी चादरी काढल्या, एक लाल-हिरवी, एक निळी, आणि आतून काचेला लागून झकास ताणून बसवल्या. तीस वर्षं टॉवेल-चादरींच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात काढलेला माणूस. घडी म्हणा, ताण म्हणा, बोट ठेवायला जागा नव्हती. तीच चूक झाली.

अर्ध्या तासात दारात पुण्याची गाडी थांबली. अक्कलकोटहून दर्शन करून परत निघालेलं कुटुंब. "दादा, ही निळी डबल बेडची आहे का?"

"ही विकायची नाही. हे घर आहे."

"अहो, घरगुतीच बरी असते. रंग जाणार नाही ना?"

इथं गुरुबसप्पांनी दार लावून घ्यायला पाहिजे होतं. पण 'रंग जाणार नाही ना' हे वाक्य त्यांच्या खात्याला उद्देशून आलं होतं. ते बाहेर गेले आणि पक्का रंग कसा ओळखायचा, काठ कसा तपासायचा, यावर त्यांनी भर उन्हात पाव तास व्याख्यान दिलं. तेवढ्यात मागं आणखी दोन गाड्या लागल्या. जोतीराम कंडक्टरच्या जुन्या सवयीनं कुंपणावरून ओरडले, "रांगेत या! पुढं सरका!" आणि त्या गर्दीच्या देखत, चादर लावलेल्या त्याच काचेवर, एक बुलबुल येऊन आपटला.

ठप्प!

आतून चादर लावल्यानं काचेचा आरसा झाला होता, लिंब पूर्वीपेक्षा झकास दिसत होता, हे गुरुबसप्पांच्या लक्षात यायला उशीर झाला. नशीब, बुलबुल नुसता बेशुद्ध पडला होता. काशम्मानं त्याला ओंजळीत घेतलं, सावलीत टोपलीखाली ठेवलं. तासाभरानं तो उठला, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि निघून गेला. चादरींमुळं खोलीत अंधार झाला होता. तिनं दिवा लावला आणि म्हणाली, "बघा. शुक्रवार पेठेतच आलो की आपण." चिडून नाही, साधंच म्हणाली. गुरुबसप्पांनी खाली मान घातली आणि चादरी उतरवल्या.

शनिवारी सकाळी जोतीरामनी कुठून तरी पक्ष्यांची माहिती असलेल्या एका सरकारी माणसाचा नंबर मिळवून दिला. गुरुबसप्पांनी गच्चीवर जाऊन फोन लावला. पलीकडचा माणूस माळरानावर असावा. आवाज निम्मा वाऱ्याचा, निम्मा त्याचा.

"...सोपं आहे हो... काचेला डॉट्स... बाहेरून... डॉट्स द्या... दोन..."

"काय द्या?"

"डॉट्स! डॉट्स! बाहेरून!" आणि फोन कट. नंतर लागलाच नाही.

गुरुबसप्पांनी हातावर लिहून घेतलं: डॉट्स. बाहेरून. अर्थ उघड होता. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणतात, 'हे औषध बाहेरून आणा', तसं बाहेरून आणायचं. डॉट्स नावाचं काहीतरी काचेला लावायचं मिळतं. दोन डबे लागत असतील. किती सोपं! दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांना मोकळा श्वास घेता आला.

ते थेट सिद्धलिंगच्या हार्डवेअर दुकानात गेले. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. पाखरांचं नाव काढायचं नाही, असं गुरुबसप्पांनी ठरवून टाकलं होतं. चादरींच्या प्रसंगानंतर अख्खी कॉलनी त्यांना 'पाखरंवाले अण्णा' म्हणू लागली होती, आणि फोल्डिंग खात्याच्या मुख्य तपासनिसाला ते लागलं होतं. म्हणून ते गंभीर चेहऱ्यानं नुसतं म्हणाले, "डॉट्स आहे का?"

सिद्धलिंगनं खिळे मोजणं थांबवलं. आवाज खाली आणला. "अण्णा, ते बाहेर कुठं नाही मिळत. सरकारी दवाखान्यात जावा. फुकट देतात."

"फुकट?"

"माझ्या मेव्हण्याला दिलं की. सहा महिन्यांत ठणठणीत. पण मधेच सोडायचं नाही बघा, कोर्स पुरा करायचा."

सिद्धलिंगच्या मेव्हण्याच्या घराला एवढी मोठी खिडकी कधी बसवली, असा प्रश्न गुरुबसप्पांना पडला होता. पण 'फुकट' या शब्दानंतर मध्यमवर्गीय माणूस जास्तीचे प्रश्न विचारत नाही.

दवाखान्यात बऱ्याच पाट्या होत्या. चष्मा घरी राहिला होता. 'डॉट्स' म्हणताच शिपायानं थेट शेवटच्या खोलीकडं बोट दाखवलं. तिथं तोंडाला मास्क लावलेली अंकिता सिस्टर बसली होती. तरुण, तरतरीत, आणि पेन उघडूनच बसलेली.

"कुणासाठी पाहिजे, काका?"

मागं रांग होती. पाखरांचं नाव काढायचं नव्हतं. "घरासाठी," गुरुबसप्पा म्हणाले.

"घरात किती जण?"

"आम्ही दोघंच आता."

"आता म्हणजे? आधी कोण होतं?"

गुरुबसप्पांनी घसा साफ केला. सिस्टरनं ते लगेच लिहून घेतलं. "तिघं गेले," ते हळूच म्हणाले. "एक सोमवारी, दोन गुरुवारी."

सिस्टरचं पेन थांबलं. "या आठवड्यात? एका घरात?"

"घरातच म्हणायचं. दारात."

"अरे देवा! वय काय होतं?"

"लहानच होते हो. कोवळे जीव." इथं गुरुबसप्पांचा आवाज खरंच भरून आला, कारण त्यांना तो काचेवरचा ठसा आठवला. "चौथा वाचला. बेशुद्ध पडला होता, हिनं सावलीत निजवलं, उठला आणि गेला."

"गेला? कुठं गेला?"

"ते काय सांगून जातात होय?"

सिस्टरनं लिहिलं: रुग्ण पत्ता न देता पसार. मग झाकणाच्या दोन प्लास्टिकच्या डब्या पुढं केल्या. "उद्या सकाळी दोघांच्या बेडक्याचा नमुना. उठल्याउठल्या, चूळ न भरता."

"दोघांचा?"

"दोघांचा."

परतीच्या वाटेवर गुरुबसप्पांनी फार विचार केला. काचेच्या औषधाला आपली थुंकी कशाला? पण मग त्यांना आठवलं, की प्लॉटची नोंद करताना आजोबांच्या मृत्यूचा दाखला मागितला होता आणि नळ जोडताना लग्नाचा फोटो. सरकारी काम म्हणजे अंगातलं काहीतरी द्यावंच लागतं. त्यांनी डब्या देवघराच्या फळीवर ठेवल्या आणि काशम्माला म्हणाले, "झालं काम. उद्या डॉट्स येतंय." काशम्मानं डब्यांकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि डब्या देवांपासून हातभर बाजूला सरकवल्या.

रविवारी सकाळी नऊला दारात गाडी उभी राहिली. गाडीवर मोठ्या अक्षरांत 'क्षयरोग' असं लिहिलं होतं, म्हणजे चष्मा नसलेल्यालाही वाचता यावं. तीन मृत्यू म्हटल्यावर रविवार कुठला, म्हणून अंकिता सिस्टर स्वतः आली होती. तिनं दारातूनच विचारलं, "कोनापुऱ्यांचं घर? डॉट्सचे पेशंट?"

गल्लीतल्या एकूणएक खिडक्या उघडल्या, आणि 'क्षयरोग' वाचून एकूणएक खिडक्या लागल्या. कढीपत्ता न्यायला निघालेल्या रंभाबाई फाटकातून तशाच मागं फिरल्या. दूधवाल्यानं पिशवी कुंपणावरूनच टाकली, ती फुटली. आणि जोतीराम, रोज चहाला येणारे जोतीराम, तोंडाला रुमाल धरून पलीकडून ओरडले, "अण्णा, तुमी काळजी करू नगा! आमी हाय!" असं म्हणून ते घरात गेले.

गुरुबसप्पांचे कान तापले. आयुष्यभर कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकही डाग न लागलेली, टॉवेलसारखी पांढरी कारकीर्द, आणि आज गल्ली तोंडाला रुमाल लावते.

"तुम्ही मला क्षय लावून आलात?" काशम्मानं विचारलं. आवाज इतका शांत होता, की गुरुबसप्पांना त्यापेक्षा कानडी परवडली असती.

"मी नाही गं! मी काचेसाठी... सिस्टर, ते पाखरांसाठी होतं!"

"कुठली पाखरं?" सिस्टरनं फॉर्म पुढं धरला. "काका, इथं तीन मृत्यू लिहिलेत. नावं सांगा."

"एक बुलबुल," गुरुबसप्पा म्हणाले, "आणि दोन होले."

सिस्टरनं 'बुलबुल होले' असं लिहायला सुरुवातही केली होती. मग तिचं पेन थांबलं. तिनं खिडकीकडं पाहिलं. काचेवर पंखांचा पांढरा ठसा अजून तसाच होता. काशम्मानं तो पुसू दिला नव्हता. हळूहळू सगळी हकिगत बाहेर आली: फोन, वारा, बाहेरून, सिद्धलिंग. सिस्टर आधी रागावली, रविवार फुकट घालवला म्हणून, आणि ते बरोबरच होतं. मग तिला इतकं हसू आलं, की मास्क काढून पायरीवर बसावं लागलं.

"काका, अहो आमचं डॉट्स म्हणजे क्षयाचं औषध! तुमचे डॉट्स म्हणजे ठिपके! नुसते ठिपके!" तिनं मोबाइलवर बघून वाचलं. "काचेला बाहेरच्या बाजूनं दोन-दोन इंचांवर ठिपके द्यायचे. मग पाखराला कळतं, की इथून जायला वाट नाही. आतून दिले तर उपयोग नाही, बाहेरूनच."

"ठिपके?" काशम्मा म्हणाली. "दोन पेरांवर? एवढंच?"

ज्या बाईनं लग्नाआधीपासून रोज पहाटे दारात ठिपक्यांची रांगोळी काढली, सूत न लावता काढली, तिला हे आता सांगत होते. आणि घरातला विद्वान त्यासाठी दवाखान्यात जाऊन तीन मयत लिहून आला होता. तिनं नवऱ्याकडं एक नजर टाकली. मग स्वयंपाकघरात गेली, मैद्याची दाट खळ शिजवली, त्यात रांगोळी कालवली आणि वाडगं घेऊन अंगणात आली.

ठिपके दुपारभर चालले. छत्तीस उभ्या ओळी, एकेका ओळीत चोवीस ठिपके. खालचे काशम्मानं बोटाच्या टोकानं दिले, एक हललेला नाही. वरच्या ओळींना तिचा हात पुरेना, म्हणून गुरुबसप्पा स्टुलावर चढले. त्यांचे ठिपके दाण्याएवढे, वाटाण्याएवढे, एकाला तर शेपूट फुटलं. "तीस वर्षं लोकांच्या टॉवेलांतल्या चुका काढल्या म्हणे," काशम्मा खालून म्हणाली. मराठीत म्हणाली. गुरुबसप्पांना बरं वाटलं. काचेवरच्या ठशाभोवती मात्र ती थांबली, खूप वेळ. मग तो ओल्या फडक्यानं पुसला, आणि तिथंही ठिपके दिले.

पण बरं वाटणं म्हणजे काम झालं असं नव्हे. सोमवार उजाडला. तिप्पण्णा गवंडी हातगाडीवर विटा, सिमेंट, पाटी घेऊन आठला हजर. "कुठून सुरू करू, अण्णा?"

"दहापर्यंत थांब," काशम्मा म्हणाली. "पाखरांची वेळ टळू दे. एक जरी आपटलं तर बुजव."

तिप्पण्णा विटांवर बसला. गुरुबसप्पा दारात उभे राहिले. अंकिता सिस्टरनं जाताना घरोघर सांगितलं होतं, की कोनापुऱ्यांना काही झालेलं नाही; त्यामुळं जोतीराम आणि रंभाबाई, रुमालाचा विषय न काढता, कुंपणापाशी आले होते. साडेआठ. नऊ. लिंबात होले घुमत होते. प्रमोशनच्या यादीलाही गुरुबसप्पा एवढे घाबरले नव्हते.

सव्वानऊला एक होला लिंबातून निघाला. सरळ. बाणासारखा काचेकडं. काशम्मानं डोळे मिटले. गुरुबसप्पांनी मिटले नाहीत. कुणीतरी बघायला पाहिजे होतं.

काचेपासून हातभर अंतरावर होल्यानं पंख फडफडवले, अंग तिरपं केलं आणि घराच्या कडेनं वर निघून गेला.

"वळला!" तिप्पण्णा ओरडला. "वळला की वो!"

दहा वाजेपर्यंत आणखी तीन वळले. रंभाबाईंनी काळ्या बाहुलीला हात जोडले, कारण श्रेय कुणाला तरी द्यायलाच पाहिजे. काशम्मानं चहा टाकला. मंडळी आत येऊ लागली, गुरुबसप्पांनी बशी तोंडाला लावली, पहिला घोट घेतला, आणि...

ठप्प!

बशी हातातून निसटली. काशम्मा पांढरीफटक पडली. गुरुबसप्पा चपला न घालता बाहेर धावले, पाठोपाठ सगळी.

खिडकीपाशी जोतीराम गव्हाणे कपाळ धरून उभे होते. आत चहा झाला का ते बघायला वाकले होते. "येवढी काच," ते कण्हत म्हणाले, "म्होरं हाय, हे दिसायला नगो का माणसाला!"

काशम्मानं त्यांच्या घामेजल्या कपाळाकडं पाहिलं. तिथं रांगोळीचे चार ठिपके नीट दोन-दोन पेरांवर उठले होते. आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, आठ दिवसांत पहिल्यांदा. "सिस्टरला विचारा की हो," ती म्हणाली, "कंडक्टरांसाठी किती पेरांवर द्यायचे ते!"

तिप्पण्णा विटांपाशी घुटमळत होता. "वैनी, मग ह्या परत न्यायच्या का?"

"परत कशाला?" काशम्मानं डोळे पुसले. "खिडकीखाली बाहेरून कट्टा बांध. गुडघ्याएवढा. पावसात ठिपके धुऊन जातील, परत द्यावे लागतील, आणि वरच्या ओळी आता यांच्या हातात द्यायच्या नाहीत."

तिप्पण्णानं दोरी लावली आणि खिडकी बुजवायला आणलेली पहिली वीट खिडकीखाली बसवली. गुरुबसप्पा आत गेले, स्वयंपाकघरातली वेताची खुर्ची उचलली आणि पूर्वेला, काचेपाशी, तिच्या जागेवर आणून ठेवली.